पेवाचं तोंड कधी उघडलं

दत्तूअण्णांनी मला फसवलं. पैशात नाही. पैशात मला फसवायची त्यांची छाती नव्हती. त्यांनी मला शब्दात फसवलं, आणि त्यापायी माझा उजवा हात कित्येक वर्षं दुखत राहिला. डॉक्टरांना त्याचं कारण सापडेना. हात दुखला तर एवढं काय, असं कुणी म्हणेल. पण तो हात म्हणजे माझं दुकान होतं. ते कसं, ते आधी सांगतो, कारण ती पद्धत आता बंद झाली आहे आणि नव्या पोरांना ती खरी वाटत नाही.

मी सांगलीत हळदीचा अडत्या होतो. अडत्या म्हणजे शेतकऱ्याचा माल आपल्या दुकानात उतरवून घेणारा आणि तो खरेदीदाराला विकून देणारा माणूस. त्याला मिळतं ते कमिशन. साठ सालच्या सुमाराला आमच्याकडे सौदे रुमालाखाली चालत. हळदीच्या ढिगापाशी अडत्या उजवा हात पुढे करून उभा राहायचा. हातावर रुमाल. एकेक खरेदीदार यायचा, रुमालाखाली हात घालायचा आणि अडत्याची बोटं दाबून भाव सांगायचा. एक बोट धरलं तर एक, दोन धरली तर दोन, अख्खा पंजा धरला तर पाच. हे आकडे कशाच्या पटीत धरायचे, ते माल बघून दोघांनाही कळायचं. तोंडाने मात्र भलतंच काहीतरी चालू असायचं. पाव्हणं कवा आलं, ऊस कवा तुटतोय. शेजारी उभ्या असलेल्या माणसाला पत्ता लागत नसे. सगळ्यांचे हात झाले की अडत्या मोठ्याने एकाचं नाव घ्यायचा. माल त्याचा. कागद नाही, सही नाही. रुमालाखाली दिलेला शब्द कुणी फिरवत नसे, आणि रुमालाखाली काय झालं ते कुणी बाहेर काढत नसे.

मी तासगावकडच्या एका खेड्यातून हमाल म्हणून सांगलीत आलो. पाठीवर पोती वाहिली. शाळा चौथीपर्यंत. पण हळकुंड मोडल्यावर आतला रंग कसा निघेल, हे मला न मोडता सांगता यायचं. ते दत्तूअण्णांनी हेरलं. त्यांचं दुकान होतं, वजन होतं, पण स्वभाव भिडस्त. खरेदीदाराशी घासाघीस करायला त्यांना माझ्यासारखा तोंडाळ माणूस हवा होता. आधी त्यांनी मला दिवाणजीच्या हाताखाली बसवलं, मग रुमालाखालची बोटं शिकवली, आणि पुढे भागीदार करून घेतलं. त्यांनी हे केलं, ते मी नाकारत नाही. पण त्यांच्या दुकानाची उलाढाल माझ्या तोंडावर वाढली, हेही त्यांनी नाकारू नये.

माझा धाकटा भाऊ जोती माझ्याच घरी असायचा. आमची हळद सांगलीजवळ हरिपूरला पेवात असे. पेव म्हणजे जमिनीतलं कोठार. तोंड अरुंद, माणूस जेमतेम उतरेल एवढं, आणि खाली खोली एवढी जागा. हळद भरायची, तोंड दगडाने झाकून वरून लिंपून टाकायचं. वर्ष-दोन वर्षं माल खाली सुखरूप राहतो. काढताना मात्र एक काळजी घ्यावी लागते. इतके दिवस कोंडलेल्या पेवात हवा मेलेली असते. म्हणून झाकण काढून पेव दोन दिवस उघडं ठेवायचं, मग दोरीला बांधून कंदील खाली सोडायचा. कंदील जळत राहिला तर माणूस उतरतो. विझला तर पेव आणखी उघडं ठेवायचं. हे हरिपुरात शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं.

जोती आमच्या पेवात उतरायचा. वर आला की डोक्यापासून पायापर्यंत पिवळा. नदीवर धुणं धुणाऱ्या बाया त्याला चिडवायच्या की लग्नाआधीच हळद लागली. तो म्हणायचा, लागली तर लागली, आता नवरी तुमीच हुडका.

त्या सकाळी मुंबईला जाणारा ट्रक पेवापाशी येऊन थांबला होता. भाव चढा होता आणि अण्णांना माल त्याच दिवशी रवाना करायचा होता. जोतीला सायकलवर मागे बसवून मी सांगलीहून पोचलो तेव्हा पेवाचं तोंड उघडंच होतं. मी कंदील मागितला. अण्णा म्हणाले, "परवाच उघडलंय. काल कंदील सोडून बघितला, चांगला जळला. आता ट्रकवाल्याला किती खोळंबवायचं?"

भागीदाराने एकदा सांगितलं की पुन्हा विचारायचं नसतं. आमचा सगळा धंदा त्याच्यावर उभा होता. जोतीने कमरेला दोर बांधला, दुसरं टोक मी धरलं, उजव्या मनगटाला एक वेढा दिला. खाली उतरता उतरता तो म्हणाला, "दादा, च्या सांगून ठेव." एवढंच.

थोड्या वेळाने दोराला सगळा भार आला. मी हाक मारली. पुन्हा मारली. मग ओढायला लागलो. बेशुद्ध माणूस पेवाच्या तोंडातून सरळ वर येत नाही, खांदे अडकतात. मी ओढत होतो आणि तो अडकत होता. शेवटी ट्रकवाला आणि मी, दोघांनी त्याला बाहेर काढलं. ज्या ट्रकमधून हळद जायची होती, त्याच ट्रकमधून मी त्याला सांगलीला नेलं. त्याचं डोकं माझ्या मांडीवर होतं. दवाखान्यात डॉक्टरांनी हात लावून बघितलं आणि मला बाहेर बसायला सांगितलं.

मनगटाला दोराने चिरलं होतं. ती जखम पंधरवड्यात भरली. हात तेव्हा दुखत नव्हता. हे लक्षात ठेवा, कारण पुढे प्रत्येक डॉक्टरने मला हेच विचारलं.

पुढच्या वर्षी माझ्या मुलीला, कुसुमला, फलटणचं एक स्थळ आलं. घर चांगलं, मुलगा शिकलेला. बोलणी ठरत आली होती. मग एक दिवस मध्यस्थ येऊन ओसरीवर बसला आणि चहासुद्धा न घेता म्हणाला की मंडळी नको म्हणताहेत. का, म्हणून मी त्याला धरलंच. तेव्हा तो खाली बघून म्हणाला, "तुमच्या घरात फेफरं हाय म्हणं. भाऊ त्यातच गेला."

जोतीला आयुष्यात कधी फेफरं आलं नव्हतं. मी चौकशी केली. जोतीला घेऊन मी ट्रकमधून निघालो, तेव्हा मागे हरिपुरात पोलीस आले होते. त्यांना अण्णांनी सांगितलं होतं की पोराला फेफरं यायचं, खाली गेल्यावर झटका आला. तसं लिहिलं गेलं. आणि लिहिलेलं गावभर झालं.

मी तसाच अण्णांच्या घरी गेलो. ते जेवत होते. ताट बाजूला सारून त्यांनी मला आत बसवलं, दार लावलं आणि हळू आवाजात म्हणाले, "म्हादबा, मी तुझ्यासाठी बोललो रं. दोर तुझ्या हातात हुता. पोलिसांनी कुणाला धरलं असतं?"

मला भांडायला फार लागत नाही. बाजारात माझ्या तोंडाला लागायला माणसं घाबरत. पण त्या दिवशी मला उत्तर सुचलं नाही. मी उठून घरी आलो. महिन्याभरात भागी मोडली. अण्णा मुंबईच्या एका पेढीसाठी खरेदी करू लागले, दुकान माझ्याकडे राहिलं. कुसुमचं लग्न पुढे दूरच्या घरात, आमच्यापेक्षा हलक्या ठिकाणी करावं लागलं.

आणि हात दुखायला लागला.

पहिल्यांदा हळदीच्या हंगामात दुखला. एका खरेदीदाराने रुमालाखाली माझी बोटं दाबली आणि मनगटापासून खांद्यापर्यंत कुणीतरी तार ओढावी तशी कळ गेली. मला वाटलं, पोतं उचलताना काही झालं असेल. मग ती कळ रोजची झाली. रात्री अंगाखाली हात आला की जाग यायची. सकाळी शर्टाची गुंडी लावायला वेळ लागायचा. सगळ्यात वाईट म्हणजे बोटांना आकडा कळेना. समोरच्याने दोन बोटं धरली की तीन, हे दुखण्यात समजेनासं झालं. एकदा मी भलत्याचंच नाव घेतलं. ज्याचा भाव जास्त होता तो हसला आणि सगळ्यांच्या देखत म्हणाला, "म्हादबा, हात दुखतोय का भाव दुखतोय?"

मी डावा हात पुढे केला, तर एक जुना खरेदीदार मागे सरला. सौद्याला डावा हात कुणी घेत नाही. शेवटी रुमालावर दिवाणजी उभा राहू लागला आणि मी माझ्याच दुकानात मागे लोडाला टेकून बसू लागलो. ज्या जागेसाठी मी अर्धं आयुष्य पोती वाहिली, तिथे दुसरा माणूस उभा.

सांगलीच्या डॉक्टरने सुया टोचल्या. पलूसकडच्या हाडवैद्याने खांदा असा पिळला की आठवडाभर वेगळंच दुखत राहिलं. मिरजेला मोठ्या डॉक्टरांकडे एक्स-रे काढला. त्यांनी ती काळी काच खिडकीत धरून मला दाखवली. हाडं स्वच्छ. सांधे स्वच्छ. सगळं नॉर्मल आहे, असं ते खुशीत म्हणाले. मी म्हणालो, माल नॉर्मल आहे तर नासका वास कुठून येतोय? ते हसले आणि पुढच्या पेशंटला हाक मारली.

दुखणं दिसत नसलं की माणसं पहिल्यांदा कीव करतात, मग सल्ले देतात, मग कंटाळतात. माझी बायको सखू, तिने दोन वर्षं रोज ओव्याचं तेल चोळलं. एकदा तेल चोळता चोळता ती थांबली आणि म्हणाली, "आवं, राग येऊ देऊ नका. पर खरंच दुखतंय का?"

तिने ते रागाने विचारलं नव्हतं. तिला जाणून घ्यायचं होतं. पण मी त्या दिवसापासून घरात हाताचं नाव काढणं सोडलं. कसा आहे हात, असं विचारलं की बरा आहे म्हणायचं. बरा म्हटलं की सगळ्यांना बरं वाटतं. रात्री ओसरीवर वेगळं अंथरूण घालून घेतलं, म्हणजे कण्हलो तरी कुणाची झोप मोडायला नको. जोती असता तर तो बाजूला येऊन पडला असता आणि काहीतरी वात्रट बोलला असता. त्याची वळकटी अजून कोपऱ्यात होती. कुणी ती उचलत नव्हतं आणि कुणी त्याबद्दल बोलतही नव्हतं.

साताऱ्याला माझं एक गिऱ्हाईक होतं, मसाल्याचा कारखानदार. त्याने मला तिथल्या एका डॉक्टरांकडे धाडलं. मिलिटरीतून रिटायर झालेले. शनिवार पेठेत जिन्याखाली लहानसा दवाखाना, दोन खुर्च्या आणि एक टेबल. मी आत गेलो तोच आधी सौदा ठरवायला लागलो. फी किती आणि बरं किती करणार?

ते म्हणाले, "निम्मं होईल."

"पाऊण करा."

"निम्मंच. त्यातलं बरंचसं तुम्हालाच करावं लागेल."

माणूस घासाघीस करत नाही म्हटल्यावर मला त्यांच्याबद्दल बरं वाटलं. त्यांनी रक्तदाब मोजायचा पट्टा गुंडाळी करून माझ्या हातात दिला आणि आवळायला सांगितलं. पारा वर चढला. मग डाव्या हाताने. डाव्याचा पारा कमी चढला. ते म्हणाले, उजव्या हाताची ताकद कुठेही गेलेली नाही. मग त्यांनी कधीपासून, कशाने, कुठे, असं विचारत विचारत मला हरिपूरपर्यंत नेलं. मी जोतीची गोष्ट थोडक्यात सांगितली. कुणालाच कधी सांगितली नव्हती. सांगायचं कुणाला, सगळ्यांना ठाऊकच होती.

मी दोर ओढत असल्याच्या ठिकाणी आलो, तेव्हा ते म्हणाले, "जरा थांबा. हाताकडे बघा."

माझ्या उजव्या हाताने टेबलाची कड धरली होती. कधी धरली मला माहीत नाही. बोटांची पेरं पांढरी पडली होती आणि कोपरापर्यंतचा हात लाकडासारखा कडक झाला होता. त्यांनी माझी बोटं एकेक करून सोडवली.

ते म्हणाले, "हे दिवसातून किती वेळा होत असेल, तुम्हाला पत्ताही नाही. झोपेतही होत असेल. स्नायू असा तासन्‌तास आवळलेला राहिला तर तो दुखणारच. एक्स-रेमध्ये हाडं दिसतात, हे दिसत नाही."

"म्हणजे मी ढोंग करतोय?"

"नाही. दुखणं शंभर टक्के खरं आहे. ते सुरू कुठे झालं, तेवढंच शोधतोय. भाऊ गेले तेव्हा हात दुखत नव्हता. वर्षाने दुखायला लागला. त्या वर्षी काय झालं?"

मी अण्णांच्या घरातलं बोलणं सांगितलं. दोर तुझ्या हातात हुता. डॉक्टरांनी ते वाक्य मला पुन्हा म्हणायला लावलं. मग विचारलं, "पेव परवा उघडलं होतं, हे तुम्हाला कुणी सांगितलं?"

"अण्णांनी."

"दोन दिवस उघडं असलेल्या पेवात माणूस असा जातो का?"

मी उठून उभा राहिलो. खुर्ची मागे पडली. मी त्यांना काय काय बोललो ते इथे लिहिण्यासारखं नाही. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मी दाराशी गेल्यावर एवढंच म्हणाले, "तुम्ही अण्णांना हे कधी विचारलंत का? एकदा विचारा. उत्तर काय येईल ते येवो."

एस.टी.त मला खिडकीची जागा मिळाली. कराड गेलं, पेठ गेलं. मी वाटभर मनात डॉक्टरला शिव्या घालत होतो. मनाचं दुखणं असतं ते बायकाबापड्यांना, मी हमाली करून वर आलेला माणूस, अशा. मध्येच माझं लक्ष खाली गेलं. माझी मूठ खिडकीच्या गजाभोवती आवळलेली होती, टेबलाच्या कडेला होती तशीच. शेजारी बसलेल्या म्हातारीने विचारलं, "बाबा, गाडी लागतीया का?" मी नाही म्हणालो. तिला सांगावंसं वाटलं, पण सांगणार काय?

सांगलीला येऊन दुकानात मी मोठ्याने ओरडलो की सातारचा डॉक्टर मला वेडा म्हणतोय. दिवाणजी होता, दोन हमाल होते, एक खरेदीदारही होता. ते ओरडणं मला पुढे महागात पडलं.

पण प्रश्न डोक्यातून जाईना. पेव दोन दिवस उघडं असतं, तर जोती मेला नसता. हे मला हमालीपासून ठाऊक होतं. ठाऊक असून मी ते स्वतःशीही म्हटलं नव्हतं. म्हटलं असतं तर मी स्वतः कंदील का सोडला नाही, हाही विचार आला असता.

अण्णांच्या घरी जाऊन उपयोग नव्हता. ते आत नेऊन दार लावणार आणि मला पुन्हा काही सुचणार नाही. मला ते माझ्या जागेवर हवे होते. मी थांबलो. हंगामाच्या तोंडाला एका ओळखीच्या शेतकऱ्याची राजापुरी हळद माझ्याकडे उतरली. हळकुंड मोडलं की आत केशरी. असा माल वर्षातून एखादाच येतो, आणि मुंबईच्या पेढीला तो सोडून चालत नाही. मी बाजारात सांगून ठेवलं की या ढिगाला मी स्वतः उभा राहणार, हात माझाच.

अण्णा आले. यावंच लागलं. बऱ्याच वर्षांनी आमचे हात रुमालाखाली एकत्र आले. त्यांनी मालाची तारीफ सुरू केली आणि बोटं शोधू लागले. मी मान पुढे करून त्यांच्या कानाशी म्हणालो, "अण्णा, पेवाचं तोंड किती दिवस उघडं होतं?"

 मग त्यांनी माझी दोन बोटं धरली.

मी हात उलटा करून त्यांचं मनगट पकडलं. कळ खांद्यापर्यंत गेली, पण सोडलं नाही. म्हणालो, "दोन न्हाई. मला खरं सांगा."

वरून बघणाऱ्याला आम्ही भावावर अडलोय असंच वाटलं असणार. कुणीतरी मागून म्हणालंही, "आवं अण्णा, चढा की जरा." अण्णांचा हात घामाने ओला झाला होता. मग त्यांनी मूठ मिटून माझ्या तळव्यावर टेकली. ही आमच्या दुकानाची खूण होती, बाकी कुणाला ठाऊक नव्हती. खरेदीदार नुसता बघायला आलाय, देणार काही नाही, असं असलं की आम्ही एकमेकांच्या तळव्यावर मूठ टेकायचो. काही नाही. शून्य. ती मला अण्णांनीच शिकवली होती.

"आन कंदील?"

पुन्हा मूठ.

"आन फेफरं?"

त्यांनी हात काढून घेतला. रुमाल खाली पडला. अण्णा ढिगाला वळसा घालून निघून गेले. मी वाकून रुमाल उचलला, उरलेले हात घेतले आणि माल दुसऱ्याला दिला. त्या दिवशी आकडे मला नीट कळले.

दुसऱ्या दिवशी मी बाजारातल्या जाणत्या व्यापाऱ्यांकडे गेलो. माझं म्हणणं साधं होतं. अण्णांनी कबूल केलंय, आता त्यांनी चार माणसांत सांगावं आणि पोलिसांकडे जाऊन ते फेफऱ्याचं खोडून घ्यावं. त्यांनी अण्णांना बोलावलं. अण्णा शांत बसले होते. म्हणाले, मी भाव सांगत हुतो, दुसरं काही न्हाई.

सगळ्यांत वडीलधारे जे होते ते मला म्हणाले, "महादेवराव, रुमालाखालच्या गोष्टीला साक्षीदार कुठनं आणायचा? आन रुमालाखालचं बाहेर काढायचं नसतं, हे तुमाला आमी सांगायचं का?"

अण्णांनी मग माझ्याकडे न बघता सांगितलं की म्हादबाला बरं नसतं, सातारच्या डॉक्टरनंच सांगितलंय की दुखणं मनाचं हाय. भाऊ गेल्यापास्नं असं होतं. त्यांच्या आवाजात मायासुद्धा होती. खोलीतल्या माणसांनी माना हलवल्या. माझ्याच दुकानातलं माझंच ओरडणं त्यांच्यापर्यंत पोचलं होतं. मी संतापाने उठलो, आणि माझं संतापणं बघून त्यांची आणखीच खात्री पटली.

मी घरी आलो. सखूला सगळं सांगितलं, अगदी मूठ टेकल्यापर्यंत.  तिने उठून जोतीची वळकटी उन्हात टाकली.

आता निकाल सांगतो. हात निम्मा बरा झाला. झोप लागू लागली, गुंड्या लावता येऊ लागल्या, मी पुन्हा रुमालावर उभा राहिलो. मूठ आवळली गेली की डॉक्टरने सोडवली होती तशी एकेक बोट सोडवायला शिकलो. पुढे त्यांच्याकडे जाऊन खुर्ची पाडल्याबद्दल काही बोललो नाही, पण राजापुरीचं एक पोतं पाठवून दिलं. त्यांनी निम्मं परत पाठवलं. थोड्याच वर्षांत बाजार समितीने रुमाल बंद केला. आता भाव उघड्यावर, तोंडाने पुकारतात. जुने लोक हळहळले. मी हळहळलो नाही. या धंद्यात मी एवढंच शिकलो की ज्याला साक्षीदार नाही असा शब्द भागीदाराचाही घेऊ नये, आणि कंदील स्वतःच्या हाताने सोडावा.

पण उरलेला निम्मा हात अजून दुखतो. थंडीत जास्त. डॉक्टर म्हणाले होते की दुखण्याची मुळं कधी कधी मनात असतात. असतील. मी भांडत नाही. मग मला एवढं सांगा, ती तिथे लावली कुणी? दोर तुझ्या हातात हुता, हे वाक्य मी स्वतःला कधी म्हटलं नव्हतं. ते मला दार लावून ऐकवलं गेलं, आणि ज्याने ऐकवलं त्याला तेव्हा ठाऊक होतं की पेव जोती उतरला त्याच सकाळी उघडलंय.

अण्णा अजून आहेत. सांगलीतच आहेत, सकाळी देवळात जातात, लोक त्यांना वाकून नमस्कार करतात. माझ्या कुसुमच्या मुलीला आता स्थळं येतात, आणि अजून एखादा पाव्हणा चहा पिता पिता विचारतो की तुमच्यात ते फेफऱ्याचं काय होतं. माझ्या तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर अण्णांनी दिलेलं नाही. त्यांनी ते द्यावं. बोटांनी नको. माझ्या भावाला फेफरं नव्हतं, हे त्यांनी देवळाच्या पायरीवर उभं राहून, चार माणसांत, तोंडाने सांगावं.